१८९६ ची सायकल, घेरदार स्कर्ट आणि आत लपवलेली दोरी

प्रश्न एका महाविद्यालयीन नाट्यसंघाचा आहे. त्यांच्या नाटकाची नायिका १८९६ साली लंडनच्या उपनगरात सायकल चालवते. नेटवर मिळालेली चित्रे पाहून संघाने तिला गुडघ्याखाली आवळलेली फुगीर विजार, म्हणजे ब्लूमर, द्यायचे ठरवले आहे. हे काळाला धरून होईल का, आणि सायकलमुळे बायकांचा पोशाख सुटसुटीत झाला व त्याबरोबर समाजाची नजरही बदलली असे जे नेहमी सांगितले जाते ते कितपत खरे, असे त्यांनी विचारले आहे. मी बावीस वर्षे रंगभूमीसाठी जुन्या काळचे कपडे बेतते आणि शिवते. या विशिष्ट काळातले सायकलचे स्कर्ट मी तीनदा शिवले असून पहिल्यांदा ते बिघडवलेही आहेत, म्हणून उत्तर जरा तपशिलाने देते.

नायिका पॅरिसची असती तर ब्लूमरला माझी हरकत नव्हती. अमेरिकेत शिकागोसारख्या शहरातली असती तरी चालले असते. इंग्लंडमधली मध्यमवर्गीय मुलगी असेल तर मात्र तिला स्कर्टच द्यावा, कारण तिथे सायकल चालवणाऱ्या बहुसंख्य बायका शेवटपर्यंत स्कर्टमध्येच चालवत होत्या. आपल्याला ब्लूमरची चित्रे जास्त दिसतात याचे कारण व्यंगचित्रकारांना स्कर्टमध्ये हसण्यासारखे काही सापडत नव्हते, विजारीत सापडत होते. थट्टेसाठी काढलेल्या चित्रांना त्या काळाचे छायाचित्र समजणे ही वेशभूषेतली फार जुनी चूक आहे, आणि ती अनुभवी माणसांकडूनही होते.

आधी यंत्राविषयी. १८७० च्या दशकातली उंच पुढच्या चाकाची सायकल स्कर्ट घालून चालवणे जवळजवळ अशक्यच होते. हौशी बायका तीनचाकी चालवत. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने जवळजवळ सारख्या उंचीची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी असलेली 'रोव्हर' बाजारात आणली, १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, आणि पुढच्या सात-आठ वर्षांत सायकलचे अक्षरशः वेड पसरले. १८९५ मध्ये लंडनच्या उच्चभ्रू बायका बॅटरसी पार्कमध्ये सकाळी सायकली फिरवायला जमू लागल्या. बायकांसाठी कारखानदारांनी मधला आडवा दांडा काढून सांगाडा खाली वाकवला, साखळीवर पेटी बसवली, आणि मागच्या मडगार्डला ओळीने भोके पाडून त्यांतून आसापर्यंत दोरा ओवून जाळी केली. आमच्या घरच्या जुन्या लेडीज सायकललाही मागे अशीच रंगीत दोऱ्यांची जाळी होती, आणि ती पदर-ओढणीसाठी केली असावी अशी माझी लहानपणी समजूत होती. ती मुळात विलायती स्कर्टसाठी होती.

म्हणजे पहिली तडजोड कपड्याने केली नाही, यंत्राने केली. बाईने काय नेसावे हे ठरलेलेच आहे असे धरून सायकल वाकवली गेली. दांडा काढल्यामुळे सांगाडा कमजोर होतो, म्हणून नळ्या जाड घ्याव्या लागतात आणि सायकल जड होते. तो भार बाईने वाहायचा. ज्या थोड्या बायका लांब पल्ल्याच्या सफरी करीत, त्या पुरुषांची सायकल घेत, आणि पुरुषांची सायकल घेतली की दांड्यामुळे स्कर्ट सोडावाच लागे. १८९४ च्या जूनमध्ये बोस्टनहून जगप्रवासाला निघालेली ॲनी लंडनडेरी निघताना लांब स्कर्टमध्ये आणि ४२ पौंडांच्या लेडीज सायकलवर होती. शिकागोला पोचेपर्यंत तिला दोन्ही नकोसे झाले. तिथे तिने हलकी पुरुषी सायकल घेतली आणि ब्लूमर चढवले. विचार बदलला म्हणून कपडा बदलला असे आपण म्हणतो. ॲनीच्या बाबतीत सायकलच्या वजनाचा वाटा मोठा होता.

'ब्लूमर' या शब्दाचाही थोडा घोळ आहे. मराठीत आज त्याचा अर्थ वेगळाच झाल्यामुळे तालमीत हसू फुटते, ते फुटू द्यावे. मूळ पोशाख १८५१ चा, अमेरिकेतल्या सेनेका फॉल्सचा: गुडघ्यापर्यंतचा झगा आणि त्याखाली घोट्याशी आवळलेली तुर्की धाटणीची सैल विजार. तो आधी एलिझाबेथ स्मिथ मिलर हिने घातला. अमिलिया ब्लूमरने आपल्या 'द लिली' या पत्रातून त्याची बाजू मांडली आणि नाव तिचे चिकटले. रस्त्यातली टवाळी असह्य होऊन काही वर्षांतच बहुतेकींनी तो सोडला. चाळीस वर्षांनी सायकलवर जी विजार आली ती त्याहून आखूड, आपल्याकडच्या चोळण्यासारखी, गुडघ्याखाली पट्टा घातलेली होती. इंग्लंडात तिला 'रॅशनल ड्रेस' म्हणत, कारण १८८१ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या रॅशनल ड्रेस सोसायटीने बायकांच्या कपड्यांचा विचार आरोग्याच्या अंगाने सुरू केला होता. या संस्थेची मागणी काय होती ते ऐकण्यासारखे आहे: आतल्या कपड्यांचे एकूण वजन सात पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वातीन किलोंपेक्षा, जास्त असू नये. ही कमाल मर्यादा ज्यांना पुढारलेली वाटली त्यांच्या आया-आज्या अंगावर किती वागवत असतील याचा अंदाज करावा.

विजार घालून बाहेर पडणाऱ्या बाईचे काय होई, याची दोन उदाहरणे नाटकाला उपयोगी पडतील. टेसी रेनल्ड्स ही ब्रायटनची सोळा वर्षांची मुलगी १८९३ च्या सप्टेंबरात पुरुषांच्या सायकलवर ब्रायटनहून लंडनला जाऊन परत आली. सुमारे १२० मैलांचे अंतर तिने साडेआठ तासांत कापले. वृत्तपत्रांतली चर्चा वेगावर कमी आणि तिच्या आखूड विजारीवर जास्त झाली. दुसरे उदाहरण लेडी हार्बर्टन यांचे, ज्या रॅशनल ड्रेस चळवळीच्या आघाडीवर होत्या. ऑक्टोबर १८९८ मध्ये त्या सरे परगण्यातल्या ऑकम गावच्या हॉटबॉय हॉटेलात विजारीत सायकलवरून पोचल्या आणि जेवण मागितले. मालकिणीने त्यांना कॉफी रूममध्ये घेण्याचे नाकारले आणि पुरुष पीत बसलेल्या बार पार्लरमध्ये बसण्यास सांगितले. सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबने खटला भरला. १८९९ च्या एप्रिलमध्ये किंग्स्टनला सुनावणी झाली आणि ज्यूरीने मालकिणीला निर्दोष ठरवले, कारण जेवण नाकारलेच नव्हते, फक्त खोली नाकारली होती. या प्रकरणातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट ही, की नकार देणारी बाई होती आणि तिला स्वतःच्या हॉटेलच्या अब्रूची काळजी होती. संघर्ष बायका विरुद्ध पुरुष असा सरळ रंगवू नये. खिडकीतून हसणाऱ्या शेजारणीचे एक पात्र ठेवले तर ते अधिक खरे होईल.

आता त्या तिसऱ्या वाटेकडे वळते, जी बहुतेक नाटकांत आणि चित्रपटांत दिसतच नाही. स्कर्ट घातला तर तो साखळीत, आऱ्यांत अडकतो आणि वाऱ्याने शिडासारखा फुगतो. विजार घातली तर दगड आणि शिव्या मिळतात. मग काही बायकांनी असा कपडा काढला जो चालताना स्कर्ट असतो आणि सायकलवर बसताच काहीतरी वेगळेच होतो. अशा कपड्यांची ब्रिटिश पेटंटे १८९० च्या दशकात बायकांनी स्वतःच्या नावावर घेतली. हे शक्य झाले याला पार्श्वभूमी होती: १८८२ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या विवाहित स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवर हक्क दिला आणि १८८३ च्या कायद्याने पेटंटचे सुरुवातीचे शुल्क २५ पौंडांवरून ४ पौंडांवर आणले. अर्जात अर्जदाराचा व्यवसाय लिहावा लागे, आणि काहींनी तिथे शिवणकाम हाच व्यवसाय लिहिला आहे. माझ्या धंद्यातल्या बाईला ते वाचून बरे वाटते.

यांतला माझा आवडता नमुना ॲलिस बायग्रेव्हचा. ती लंडनच्या ब्रिक्स्टन भागातली शिंपीण. तिच्या माहेरी घड्याळांचे दुकान होते, आणि कप्पी व वजन यांची कल्पना तिला सुचली यात नवल वाटत नाही. १८९५ च्या तिच्या पेटंटातला स्कर्ट बाहेरून अगदी साधा दिसतो. पुढच्या मधल्या शिवणीत आणि मागच्या मधल्या शिवणीत आतून एक एक नळी शिवलेली असते, जशी आपण परकराला नेफा शिवतो तशी, फक्त उभी. त्या नळीतून दोरी खालच्या काठापासून कमरेपर्यंत येते, काठात लहान वजने शिवलेली असतात. सायकलवर बसण्याआधी कमरेशी दोरी ओढली की पुढचा आणि मागचा भाग चुण्या पडत वर सरकतो आणि स्कर्ट दोन्ही बाजूंना दोन कमानींसारखा लोंबतो. उतरल्यावर दोरी सोडली की वजनामुळे कापड आपोआप खाली येते. जेगर या प्रसिद्ध कंपनीने हा स्कर्ट विकायला घेतला होता.

मी पहिल्यांदा हा स्कर्ट शिवला तेव्हा तीन चुका केल्या, त्या सांगते म्हणजे आपला वेळ वाचेल. नळी मी त्याच जाड लोकरी सर्जची केली; कापडावर कापड घासून दोरी अर्ध्यावरच अडकली. नळीला गुळगुळीत अस्तराचे कापड हवे, आणि ती दोरीच्या दुप्पट रुंद हवी. दुसरी चूक घेराची. रंगमंचावर छान दिसावा म्हणून मी घेर पाच वार ठेवला, आणि दोरी ओढल्यावर अभिनेत्रीच्या मांड्यांमध्ये कापडाचा असा गठ्ठा जमला की तिला पायडलच मारता येईना. आता मी साडेतीन वारांवर जात नाही आणि कळ्या बाजूला जास्त, मध्ये कमी घालते. तिसरी चूक वजनांची. मी ती फक्त पुढे आणि मागे शिवली, त्यामुळे बाजूचा काठ वाऱ्याने उडाला. पंख्यासमोर तालीम केली तेव्हा ते कळले. बाजूच्या काठात आता बारीक साखळी घालते. दोरी सोडल्यावर कापड खाली येताना जो हलका 'सर्रर' आवाज होतो तो प्रेक्षागृहात तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातो, आणि दिग्दर्शकाला नाट्याची जाण असेल तर त्याने त्याचा उपयोग करून घ्यावा.

इतरांच्या युक्त्याही होत्या. ज्युलिया गिलने काठाच्या आतून कड्या लावून त्यांतून दोरी ओवली, म्हणजे स्कर्ट कमरेशी गोळा होऊन जाकिटाच्या झालरीसारखा दिसावा. यॉर्कच्या मेरी आणि सेरा पीझ या बहिणींनी १८९६ मध्ये त्याहून पुढची उडी मारली: स्कर्ट पूर्ण काढायचा आणि तोच खांद्यावर केपसारखा घ्यायचा. त्याच वर्षी मेडनहेडच्या हेन्रिएटा म्युलरने संपूर्ण संच मांडला, ज्यात वर उचलता येणारा स्कर्ट, आतला एकसंध कपडा आणि खिसेच खिसे असलेला कोट होता. बायकांच्या कपड्यांत खिसा असावा यासाठी आपण आजही शिंप्याशी हुज्जत घालतो, म्हणून हे नोंदवते. याच म्युलरबाईंचे नाव भारतीय वाचकाने वेगळ्या संदर्भात ऐकलेले असू शकते: स्वामी विवेकानंद इंग्लंडात असताना मेडनहेडजवळ त्यांच्याकडे राहिले होते, आणि पुढे बेलूर मठाच्या जागेसाठी त्यांनी पैसे दिले. पेटंट, स्वतः चालवलेले स्त्रियांचे वृत्तपत्र आणि मठाची जमीन या तिन्ही गोष्टींत हात असलेली बाई एका नाटकाचा विषय आहे, पण तो आपला प्रश्न नाही.

या साऱ्या पेटंटांत एक गोष्ट समान आहे. कपडा बदलतो तो लपवून. दोरी आत, कड्या आत, वजने आत. समाजाची नजर नेमकी कुठे बोचत होती हे जर जाणून घ्यायचे असेल तर त्या काळचे अग्रलेख वाचण्यापेक्षा स्कर्ट उलटा करून पाहावा. जिथे शिवण सर्वांत जास्त मेहनतीने झाकली आहे तिथे भीती सर्वांत जास्त होती. शहराच्या रस्त्यावरून जाताना स्कर्ट खाली, वस्ती संपली की वर, आणि परतताना पुन्हा खाली, हा दोरीचा खेळ म्हणजे त्या बाईने दररोज केलेला हिशेब आहे. म्हणून आपल्या नायिकेला ब्लूमर दिले तर ती धीट दिसेल हे खरे, परंतु दोरीचा स्कर्ट दिला तर ती विचार करताना दिसेल, आणि नटीला करायला काहीतरी मिळेल.

नजर बदलली का, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला सरळ 'हो' असे देता येत नाही. अमेरिकेतल्या स्त्री-मताधिकार चळवळीच्या नेत्या सुझन बी. अँथनी यांनी १८९६ मध्ये नेली ब्लाय या वार्ताहराला सांगितले होते की, स्त्रियांच्या मुक्तीसाठी सायकलने जेवढे केले तेवढे जगात दुसऱ्या कशानेही केले नाही. हे वाक्य प्रत्येक लेखात येते आणि ते खरेच आहे. परंतु पुढच्याच वर्षी, मे १८९७ मध्ये, केंब्रिज विद्यापीठात स्त्रियांना पदवी द्यावी की नाही यावर मतदान झाले तेव्हा विरोधकांनी सिनेट हाउससमोर सायकलवर बसलेल्या, विजार घातलेल्या बाईचा पुतळा टांगला. ठराव मोठ्या फरकाने पडला आणि तिथे स्त्रियांना पूर्ण पदवी मिळायला १९४८ उजाडले. पॅरिसचे उदाहरण तर आणखी गमतीचे. तिथे बाईने विजार घालण्यावर १८०० सालच्या हुकमाने बंदी होती. १८९२ आणि १९०९ च्या परिपत्रकांनी तिला सवलत दिली ती अशी, की तिच्या हातात सायकलचे हँडल किंवा घोड्याचा लगाम असला पाहिजे. सायकल भिंतीला टेकवून ती पावाच्या दुकानात शिरली की कायद्याच्या दृष्टीने तिची विजार पुन्हा गुन्हा. म्हणजे सवलत यंत्राला मिळाली होती, बाईला नव्हे.

आणि ज्यांना सवलत मिळाली त्या कोण होत्या, हेही पाहावे लागते. बोस्टनची किटी नॉक्स ही व्यवसायाने शिवणकाम करणारी, मिश्र वंशाची तरुणी स्वतः बेतलेल्या निकरबॉकर, म्हणजे गुडघ्याखाली आवळलेल्या विजारीच्या, पोशाखात सायकल चालवत असे, आणि १८९५ च्या जुलैत तिने सायकलपोशाखाच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळवले. त्याच महिन्यात न्यू जर्सीतल्या ॲसबरी पार्कच्या मेळाव्यात, सायकलस्वारांच्या ज्या संघटनेची ती सदस्य होती त्याच संघटनेत, तिच्या रंगावरून वाद झाला, कारण आदल्या वर्षी संघटनेने सदस्यत्व गोऱ्यांपुरते मर्यादित केले होते. मुक्तीच्या गोष्टीत हे प्रकरण सोडून देण्याची प्रथा आहे. ती आपण पाळू नये.

मराठी वाचकाला यात एक उलटी गंमत दिसेल. आपली नऊवारी कासोटा घातल्यावर मुळातच दुभागलेली असते. घोड्यावर बसायला, शेतात उतरायला तिच्यात काहीही अडत नाही. ज्या प्रश्नासाठी बायग्रेव्हला कप्पी लावावी लागली तो प्रश्न कासोट्याने केव्हाच सोडवला होता. पण आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांना साडी गुजराती पद्धतीने, घोटे झाकून, नेसावी लागली. पुढे विसाव्या शतकात सकच्छ की विकच्छ, म्हणजे कासोटा घालून नेसावे की न घालता, हा वाद आपल्याकडे रंगला आणि शिकलेल्या शहरी बायकांनी कासोटा सोडून गोल पातळ पत्करले. ती त्या वेळची सुधारणा. त्या गोल पातळासाठी मग दांडा नसलेली, जाळीवाली लेडीज सायकल लागली. काही दशकांच्या अंतराने लंडनची बाई दुभागलेल्या कपड्यासाठी शिव्या खात होती आणि पुण्या-मुंबईची बाई तो सोडून पुढारलेली ठरत होती.

आता कामाचे. कापड करड्या किंवा मातकट तपकिरी रंगाचे घ्यावे, धूळ दिसत नाही. ट्वीड महाग पडते, जाड सुती ड्रिलला आतून अस्तर लावले तर दिव्यांखाली ते लोकरीसारखे दिसते. काठ जमिनीपासून तीन-चार इंच वर ठेवावा. अमेरिकेच्या फ्रान्सिस विलर्ड यांनी पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकताना तीन इंच वर असलेला ट्वीडचा स्कर्ट घातल्याचे स्वतः लिहिले आहे, आणि त्या अतिशय सभ्य बाई होत्या, तेव्हा या उंचीला काळाचा आधार आहे. १८९६ च्या फॅशनप्रमाणे बाह्या खांद्याशी फुगीर असतील, पण कोपराखाली घट्ट. कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारा आतला कपडा, काढून टाकू नका. सायकलसाठी आखूड आणि बाजूंना ताणल्या जाणाऱ्या पट्टीचे कॉर्सेट मिळत असे, तसे करावे, नाहीतर अंगाची ठेवण आजची दिसते. पायांना घोट्यावर येणारे गेटर, म्हणजे बुटांवरून चढवायची कापडी आवरणे, डोक्यावर साधी गवती टोपी, आणि टोपी पिनेने पक्की.

शेवटचे म्हणजे हातमोजे. त्या काळी ते हवेतच, आणि हातमोजे घालून कमरेची दोरी सापडत नाही, हे आमच्या प्रत्येक प्रयोगात पहिल्या दिवशी घडले आहे. दोरीच्या टोकाला लाकडी मणी ओवा आणि नटीला पहिल्या तालमीपासून, मूळ स्कर्ट शिवून होण्याआधीच, जुन्या परकराला तशीच दोरी लावून सरावाला द्या.